शोक, बाष्प आणि अमूर्त रेखा : सत्त्वावजय चिकित्सेतील एक साधे साधन

प्रस्तावना

देवगडपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर व्यवसाय करणाऱ्या कोणाही वैद्यास पुढील रुग्णचित्र अपरिचित नाही. ते कोणा एका व्यक्तीचे वृत्त नसून पुनःपुन्हा भेटणारा नमुना आहे. मध्यमवयीन स्त्री येते. तक्रार भूक नसल्याची. झोप मध्यरात्री मोडते ती पुन्हा लागत नाही. उरात दाटल्यासारखे होते, मलप्रवृत्ती कधी बद्ध तर कधी द्रव, अंग उतरत चाललेले. नाडीत वात. चार प्रश्न विचारून झाल्यावर कळते की घरधनी समुद्रावर गेला तो परत आला नाही. होडी सापडली, माणूस सापडला नाही. हे सांगताना तिचे डोळे भरून येतात, आणि आम्ही लेखणी खाली ठेवून म्हणतो, "रडा नको." ती पदराने डोळे टिपते. आम्ही दीपन-पाचन, वातानुलोमन व निद्राजनन औषधे लिहून देतो. पंधरा दिवसांनी ती त्याच तक्रारी घेऊन पुन्हा येते.

आम्हीही कित्येक वर्षे हेच करीत आलो. औषधयोजना चुकीची होती असे नव्हे. परंतु ज्या शब्दांनी आम्ही धीर देत होतो ते शब्दच शास्त्राच्या विरुद्ध होते, हे फार उशिरा ध्यानात आले. त्या चुकीच्या अनुषंगाने शोकग्रस्त रुग्णासाठी अमूर्त चित्रण, म्हणजे कशाचीही आकृती न काढता केवळ रेषा व रंग यांनी केलेले काम, सत्त्वावजयाचे एक पूरक साधन म्हणून कसे वापरता येईल याचा विचार या लेखात करीत आहोत.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अधारणीय व धारणीय अशा दोन्ही वेगांचा विचार आला आहे. तेरा अधारणीय वेगांत मूत्र, पुरीष, क्षवथु, निद्रा इत्यादींबरोबर बाष्प, म्हणजे अश्रू, यांची गणना आहे. अश्रू दाबल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम उद्भवतात असे सांगून त्यावर निद्रा, मद्य व प्रिय कथा यांची योजना सांगितली आहे. त्याच अध्यायात पुढे मनाचे जे वेग आवरावेत म्हणून सांगितले आहेत त्यांत लोभ, भय, क्रोध यांच्या समवेत शोकही आहे.

या दोन विधानांत वरकरणी विरोध दिसतो. शोक आवरावा, पण अश्रू आवरू नयेत. बारकाईने पाहता यातच शोकचिकित्सेचे मर्म आहे. अश्रू हा शरीराचा वेग आहे. त्याला वाट हवी. शोक हा मनाचा वेग आहे. त्याला बांध हवा. "रडू नका" म्हणणारा वैद्य जेथे वाट हवी तेथे बांध घालतो, आणि मनाला मात्र रात्रभर मोकळे सोडून देतो. वर वर्णिलेल्या रुग्णेची अरुची, उरातील दाटणे व भ्रम ही लक्षणे बाष्पनिग्रहाच्या यादीशी ताडून पाहावीत, म्हणजे आमच्या उपदेशाने काय साधले असेल हे निराळे सांगावे लागणार नाही.

शोकाचे शारीरिक परिणाम आचार्यांनी अन्यत्रही विस्ताराने नोंदविले आहेत. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात, अग्र्य द्रव्यांच्या व भावांच्या यादीत, शोषण करणाऱ्यांमध्ये शोक श्रेष्ठ मानला आहे. विमानस्थानात चिंता, शोक, भय यांनी ग्रस्त मनुष्यास मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही असे म्हटले आहे. अतिसाराच्या प्रकारांत शोकज अतिसार स्वतंत्र सांगून त्यावर वातहर क्रियेबरोबर हर्षण व आश्वासन सांगितले आहे. शोकज ज्वरात अश्रूंचे बाहुल्य सांगितले आहे. म्हणजे शोक हा आमच्या शास्त्रात केवळ समुपदेशनाचा विषय नसून निदानाचा विषय आहे.

सदृशाचा प्रश्न

उन्मादचिकित्सेत एक सूचना आहे. प्रिय वस्तूच्या नाशाने ज्याचे मन उपहत झाले त्याला तत्सदृश वस्तूच्या प्राप्तीने, सांत्वनाने व आश्वासनाने शांत करावे. गाय गेली तर गाय देता येते, दागिना गेला तर दागिना घडविता येतो. माणूस गेला तर सदृश काय द्यावे?

घरोघरी या प्रश्नाचे उत्तर भिंतीवर हार घालून लावलेल्या छायाचित्राने दिले जाते. पुष्कळांना त्याचा आधार होतो. काहींना मात्र तेच छायाचित्र स्मृतीला दिवसातून दहा वेळा टोचणी लावते, कारण त्यात चेहरा जितका हुबेहूब तितकी त्याची अनुपस्थिती ठळक. ज्यांचा माणूस समुद्रात बेपत्ता झाला त्यांची स्थिती अधिक बिकट असते. अंत्यदर्शन नाही, अस्थी नाहीत, शोकाला आरंभबिंदूच नाही. सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास मृत्यू गृहीत धरण्याची तरतूद कायद्यात आहे. पण मनाला अशी मुदत घालून देता येत नाही. अमेरिकेतील कुटुंबचिकित्सक पॉलिन बॉस यांनी अशा हानीला संदिग्ध हानी असे नाव देऊन तिचा दीर्घ अभ्यास केला.

आमच्या पूर्वजांनी या अवस्थेचा विचार केला होता. देह न सापडल्यास पळसाची पाने व दर्भ यांची प्रतिकृती करून तिचे दहन करण्याचा पालाशविधी धर्मशास्त्रात आहे. त्या प्रतिकृतीला नाक-डोळे नसतात, मृताशी तिचे रूपसादृश्य नसते. तरीही तिच्याभोवती बसून घरातील माणसे प्रथमच मोकळेपणाने रडतात. सदृश म्हणजे हुबेहूब नव्हे. शोकाला धरून ठेवील असा कोणताही आकार पुरेसा असतो, हा बोध आम्ही त्यातून घेतो. अमूर्त चित्रण याच तत्त्वावर उभे आहे.

अमूर्त म्हणजे परके नव्हे

"मॉडर्न आर्ट आमच्या खेडवळ रुग्णांना काय कळणार?" असा आक्षेप येईल. यावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली ही की अमूर्त चित्रकलेतील एक मान्यवर नाव याच जिल्ह्याचे आहे. चित्रकार व कलाशिक्षक प्रभाकर कोलते यांचा जन्म १९४६ साली नेरूरपार येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शंकर पळशीकर यांच्याकडे शिकून त्यांनी पुढे त्याच संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केले. गोमंतकीय कुटुंबातील वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी तर आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्याऐवजी वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत केले. १९८४ मधील अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी काही काळ लहान कागदांवर शाईने केवळ रेषांची चित्रे केली. शरीर दुबळे झाले असता साधन लहान करावे, काम थांबवू नये, हा धडा वैद्याच्याही उपयोगाचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. खळे सारवणाऱ्या स्त्रीच्या बोटांनी ओल्या शेणात ज्या अर्धवर्तुळाकार वळ्या एकीशेजारी एक उमटत जातात, ते कशाचेही चित्र नसते. तरी त्यात लय असते, मर्यादा असते, पुरे झाल्याची जाणीव असते. दारात रांगोळी घालणारा हात ठिपका व रेषा जाणतोच. आणि घरात सुतक आले की दारातील रांगोळी थांबते, ते फिटल्यावर पुन्हा सुरू होते. रेषा थांबणे व रेषा सुरू होणे या दोहोंनी शोकाची सीमा दाखविण्याची रीत आमच्या घरांत पूर्वीपासून आहे. वैद्याने नवे काही आणावयाचे नसून या हाताला कागद द्यावयाचा आहे.

दोन चित्रकर्तींची उदाहरणे

शोक व अमूर्त चित्रण यांच्या संबंधाचे ठळक उदाहरण म्हणून अमेरिकन चित्रकर्ती ली क्रास्नर (१९०८–१९८४) यांचा उल्लेख करावा लागतो. त्यांचे पती, विख्यात चित्रकार जॅक्सन पोलॉक, ऑगस्ट १९५६ मध्ये मोटार अपघातात मरण पावले. क्रास्नर यांनी काम सोडले नाही. पुढे पतीच्याच चित्रशाळेत त्या काम करू लागल्या. १९५९ मध्ये त्यांच्या मातोश्रीही गेल्या. त्या काळात त्यांना निद्रानाश जडला. झोप येत नाही म्हणून त्या रात्री चित्रे काढू लागल्या, आणि दिव्याच्या उजेडात रंगांची पारख नीट होत नाही म्हणून त्यांनी रंग बाजूला ठेवून तपकिरी, पांढरा व मळकट पिवळसर एवढ्यांवरच काम केले. १९६२ पर्यंत चाललेल्या त्या मोठ्या चित्रांत हाताचे जोरकस फटकारे आहेत. पती वा आई यांचा चेहरा कोठेही नाही. पुढील वर्षांत त्यांच्या चित्रांत रंग परतले. यास आम्ही रोगमुक्ती म्हणणार नाही. जी जागरणाची वेळ एरवी अतिचिंतनात गेली असती तिला हाताचे काम मिळाले, एवढे निश्चित म्हणता येते.

दुसरे उदाहरण अलीगढ येथे जन्मलेल्या झरीना हाश्मी (१९३७–२०२०) यांचे. त्यांच्या बहिणीने आईवडिलांचे मृत्यू, घराची विक्री अशा प्रसंगी त्यांना उर्दूत पत्रे लिहिली, पण ती कधी टपालात टाकली नाहीत. पुढे ती पत्रे हाती आल्यावर झरीना यांनी २००४ साली त्यांवर घरांचे आराखडे व नकाशे यांच्या रेषा छापून एक मुद्राचित्रमाला तयार केली. येथेही माणसाचे चित्र नाही. भिंतीच्या रेषा व दाराची जागा एवढेच आहे.

दोन्ही ठिकाणी एक समान गोष्ट दिसते. शोक कागदाच्या वा कॅनव्हासच्या चार कडांच्या आत येतो. अश्रूंना मज्जाव नाही, पण मनाला सीमा आहे. चरकांच्या ज्या दोन विधानांत विरोध भासला होता ती दोन्ही येथे एकाच वेळी पाळली जातात.

आधुनिक अभ्यासाची स्थिती

कलेचा उपचारात वापर हा विषय पाश्चात्त्य वैद्यकात नवा नाही. क्षयरोगाच्या आरोग्यधामात स्वतः रुग्ण असताना एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराला त्याची उपयुक्तता जाणवली आणि १९४२ मध्ये त्यांनी त्यास कलोपचार हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात कला व आरोग्य यांविषयीच्या ३००० हून अधिक अभ्यासांचा परामर्श आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे मनाजोगे कलाकाम केले; त्यानंतर सुमारे ७५ टक्के व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावसूचक द्रव्याचे प्रमाण घटलेले आढळले. पूर्वी चित्रे काढण्याचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. हा निष्कर्ष आशादायक असला तरी संख्या लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि सहभागी व्यक्ती शोकग्रस्त म्हणून निवडलेल्या नव्हत्या. यावरून शोक बरा होतो असे अनुमान काढणे अयोग्य ठरेल.

शोकाच्या गतीविषयी नेदरलँड्समधील स्ट्रोबे व शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार वैद्यास उपयुक्त आहे. शोकग्रस्त मनुष्य कधी हानीकडे वळतो तर कधी पुढील जीवनाच्या कामांकडे, आणि या दोहोंतील येरझारा हीच स्वाभाविक प्रकृती होय. सतत रडणे वा कधीच न रडणे, म्हणजे एकाच टोकाला अडकणे, ही विकृती. ठरावीक वेळेपुरते चित्रण या येरझारेला साहाय्य करते असे आम्हांस वाटते.

विधी

१. काल : मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत हे सुचवू नये. त्या काळी आप्तांची सोबत, उकड्या तांदळाची पेज, अभ्यंग व विश्रांती हीच चिकित्सा. क्रियाकर्मे उरकून माणसे आपापल्या घरी परतली व घर रिकामे झाले, म्हणजे बहुधा महिना-दीड महिन्यानंतर, विषय काढावा. वर्षश्राद्ध, नारळी पौर्णिमा, होड्या पुन्हा समुद्रात लोटण्याचे दिवस, या वेळी शोक उसळतो. तेव्हा पुन्हा योजना करावी.

२. अवधी : आठवड्यातून दोन वा तीन वेळा, प्रत्येकी २० ते ३० मिनिटे. वेळ संपली की हात थांबवावा. हा नियम शिथिल करू नये. धारणाचा अंश यातच आहे. रात्री जाग येत असल्यास त्या वेळी करण्यास हरकत नाही. मात्र त्यासाठी मुद्दाम जागू नये.

३. क्रम : पहिल्या बैठकीत कोळशाने केवळ श्वासाबरोबर वरखाली जाणारी रेषा. दुसरीत एकाच रंगाने सारवणासारख्या वळ्या, कागद भरेपर्यंत. तिसरीत दोन रंग. चौथीत कागदाचा काही भाग मुद्दाम मोकळा ठेवणे. पुढे रुग्णाच्या इच्छेनुसार. आकृती आपोआप उमटल्यास पुसावयास लावू नये.

४. वैद्याचे वर्तन : "हे काय काढले?" असे विचारू नये. चित्राचा अर्थ लावू नये. काळा रंग म्हणजे निराशा असली अनुमाने शास्त्राधाराविना करू नयेत. छान आहे, छान नाही, असेही म्हणू नये. रुग्ण बोलू लागल्यास ऐकावे. अश्रू आल्यास थांबवू नयेत. चित्र दवाखान्याच्या भिंतीवर लावू नये वा कोणास दाखवू नये.

५. समाप्ती : कागदाच्या मागे केवळ तिथी लिहावी. चित्र जपून ठेवावे, फाडावे की समुद्रात सोडावे हे रुग्णाने ठरवावे.

मनाचे विषय म्हणून शारीरस्थानात चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय व संकल्प्य हे सांगितले आहेत. शोकात मन चिंत्यातच फिरत राहते. पुढची रेषा कोठे न्यावी, रंग कोठे थांबवावा, या लहानशा निर्णयांनी ते क्षणभर ऊह्य व ध्येय यांकडे वळते. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी या मानसोपचारांपैकी धैर्य व समाधी यांचा हा अल्प मात्रेतील अभ्यास होय.

द्रव्यविचार : औषधालयचालकांसाठी

यासाठी महाग साहित्य लागत नाही. घरचा लाकडी कोळसा, गेरू, हळद, चुना, नीळ व बाभळीचा डिंक एवढे पुरते. गेरू डिंकाच्या पाण्यात खलून घेतल्यास कागदावर धरतो. जांभ्या दगडाच्या लाल मातीतही लोहाचाच रंग असल्याने वस्त्रगाळ करून ती वापरता येते. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो. रातांब्याच्या सालीचा रस आंबट असताना लाल असतो, चुन्याच्या निवळीने तो निळसर-हिरवट होतो. हळद व रातांबा यांचे रंग उन्हाने फिके पडतात, गेरू टिकतो. हे रुग्णास आधीच सांगावे, म्हणजे पुढे चित्र विटले तर अपशकुन वाटणार नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जुने चित्रकार हरताळ, मनःशीळ, हिंगूळ व शेंदूर यांचे रंग वापरीत आणि यांतील बहुतेक द्रव्ये रसशाळेत असतात. चित्रणासाठी ती कोणासही देऊ नयेत. हरताळ व मनःशीळ यांत आर्सेनिक, हिंगुळात पारा व शेंदरात शिसे असते. बोटांनी काम करणाऱ्या, घरात लहान मुले असणाऱ्या रुग्णाच्या हाती ती पडणे धोक्याचे आहे. चुनाही कळीचा न देता विरवून निवळलेला द्यावा व डोळ्यांपासून दूर ठेवण्यास सांगावे.

आणखी एक विनंती. या द्रव्यांची पुडकी बांधून त्यांवर शोकहर असे नाव छापून विकण्याचा मोह टाळावा. ज्याचे मूल्य दहा-वीस रुपये आहे ते रुग्णाने आपल्या घरातूनच घ्यावे, यातच त्याचा गुण आहे.

मर्यादा व सावधानता

हे साधन पूरक आहे; औषध, आहार, निद्रा व आप्तांची सोबत यांची जागा ते घेऊ शकत नाही. शोक हा स्वतः रोग नव्हे. परंतु तीव्र ओढ, अविश्वास, जगणे निरर्थक वाटणे ही लक्षणे कमी न होता दीर्घकाळ राहून दैनंदिन व्यवहार अडवीत असतील तर आधुनिक वर्गीकरणात त्यास दीर्घित शोकविकार मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात किमान ६ महिन्यांची, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या नियमावलीत प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांची अट आहे. अशा रुग्णास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये.

आत्मघाताचा विचार बोलून दाखविणारा, अन्नपाणी सोडलेला, मद्याच्या आहारी गेलेला किंवा भास होणारा रुग्ण असेल तर कागद-कोळसा बाजूला ठेवून तत्काळ पुढील व्यवस्था करावी. केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक औषधालयात दर्शनी लावावा. बाष्पनिग्रहावर ग्रंथात मद्य सांगितले असले तरी आजच्या काळात, विशेषतः किनाऱ्यावरील कुटुंबांत, त्याची शिफारस आम्ही करणार नाही; निद्रा व प्रिय कथा हे दोन उपाय पुरेसे आहेत.

चित्रकलेने मृत्यूवर मात होते असेही मानू नये. अमूर्त चित्रकलेतील थोर नाव मार्क रॉथको यांनी १९७० साली आत्मघात केला. कला हे कवच नव्हे. ती एक बैठक आहे, आणि त्या बैठकीस शेजारी माणूस लागतो.

उपसंहार

शोकात वाट व बांध दोन्ही लागतात, हे शास्त्राने सांगितले. आम्ही बांध तेवढा चुकीच्या जागी घालीत आलो. समुद्राने ज्याचा माणूस परत केला नाही त्याला तो परत देणे वैद्याच्या हाती नाही. पण त्याचे अश्रू न अडविणे व त्याच्या मनाला अर्ध्या तासाची, एका कागदाएवढी जागा देणे हे निश्चितपणे आमच्या हाती आहे. वाचक वैद्यांनी हा प्रयोग काळजीपूर्वक करून पाहावा, यश-अपयश दोन्ही प्रामाणिकपणे नोंदवावे व रुग्णाची ओळख गुप्त ठेवून ते परस्परांस कळवावे. आरंभ मात्र आजच करता येईल. पुढच्या वेळी समोरच्या रुग्णाचे डोळे भरून आले, तर ते दोन शब्द उच्चारू नयेत. पाण्याचा तांब्या पुढे सरकवावा आणि थांबावे.